केळुसकर गुरुजी वर्गात नव्हते

दसरा सरला की वडवणी तालुका हळूहळू रिकामा व्हायला लागतो. बीड-परळी रस्त्यावरून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. वर भांडीकुंडी, धान्याची पोती, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. पश्चिम महाराष्ट्रातले नाहीतर कर्नाटकातले साखर कारखाने, मग चार-सहा महिने ऊसतोडीचा फड आणि राहायला कोपी. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात गावाकडं परतायचं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, उसाचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. या ओढाताणीत ज्यांचं शिक्षण टिकलं, त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: गुरुजी भेटले म्हणून शिकलो.

याच वाक्यावरून दोघांचं जुंपलं. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणारी. तिला गाव मॅडम म्हणतं, गुरुजी मात्र अजून ‘बाळ’ म्हणतात. हे दोघे लेखापुरते उभे केलेले आहेत, त्यांना वडवणीच्या मतदार यादीत शोधू नये. ते ज्यांची नावं घेतात ती माणसं, ती सालं आणि ते आकडे मात्र खरे.

निमित्त झालं ते सत्काराच्या भाषणाचं.

“गुरुजी, तुम्ही दर भाषणात माझं उदाहरण देता,” मॅडम म्हणाल्या. “ऊसतोड कामगाराची लेक, मी हात धरला, आज प्राध्यापक झाली. टाळ्या पडतात. त्या गोष्टीत हंगामी वसतिगृह येत नाही, शिष्यवृत्ती येत नाही, मुलींचा एसटीचा मोफत पास येत नाही, दुपारची खिचडीसुद्धा येत नाही. जणू तुम्ही एकट्यानंच मला तारलं.”

“बरं, इथून पुढं तेही सांगत जाईन. पण तो पास काय तुझ्या एकटीचा होता? वर्गातल्या सगळ्या पोरींना होता की. मग बाकीच्या कुठं गेल्या?”

“तेच तर मी विचारायलेय. बाकीच्या कुठं गेल्या?”

प्रश्न एकच, आणि दोघांनाही तो आपल्याच बाजूचा पुरावा वाटत होता. गुरुजींचं म्हणणं, सोयी सगळ्यांना सारख्या होत्या, फरक पडला तो माणसामुळं. मॅडमचं म्हणणं, ज्या व्यवस्थेत तिसांतली एक पोर एका भल्या माणसाच्या नजरेत भरते म्हणून वाचते, त्या व्यवस्थेचा सत्कार कसला करायचा?

गुरुजींनी मग जुना हिशेब मांडला. उसाच्या धंद्यात मजूर मोजतात कोयत्यावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. म्हणून पोरगं जाणतं झालं की त्याचं लग्न लावून कोयता पुरा करायची घाई असते, आणि त्या घाईत कुणाची तरी पंधरा-सोळा वर्षांची पोर बोहल्यावर चढते. त्याहून लहान पोर फडावर गेली तर कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. तिला गावात ठेवायचं म्हटलं तर आजी थकलेली असते, घराला धड दार नसतं, आणि बापाचा सवाल असतो की गुरुजी, हिला ठेवू कुणापाशी?

“या सवालाला शासनाच्या कुठल्या कागदात उत्तर होतं?” गुरुजी म्हणाले. “टोळी निघायच्या आधी मी दाराशी जाऊन बसायचो. एकदा नाही, चार-चारदा. बापाला शिक्षणाचं महत्त्व कधी सांगितलं नाही, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी एवढंच म्हणायचो, पोरीची जिम्मेदारी माझी. तेवढ्यावर तो गप व्हायचा.”

“आणि तुमची बदली झाली तेव्हा?”

गुरुजींनी याला उत्तर दिलं नाही. त्यांनी एकदम मुंबईची गोष्ट काढली.

ती गोष्ट कृष्णाजी अर्जुन केळुसकरांची. वेंगुर्ले तालुक्यातल्या केळूसचा हा माणूस मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होता, आणि तुकारामांचं, बुद्धाचं, शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणारा लेखकही. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथं एक मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसे. चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगा महार समाजातला, शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, नाव भीमराव, म्हणजेच पुढचे बाबासाहेब आंबेडकर. केळुसकर त्याला पुस्तकं देऊ लागले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. आजच्या पेढेवाटपाच्या हिशेबात हा आकडा बसणार नाही, पण त्या समाजातून त्या काळी मॅट्रिक होणं हीच मोठी बातमी होती. धनंजय कीरांच्या चरित्रानुसार सत्काराची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवलं. पुढं इंटर झाल्यावर वडील रामजी सुभेदारांचे पैसे संपले. तेव्हा केळुसकरच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे भीमरावाला घेऊन गेले. महाराजांनी एका सभेत लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचं आश्वासन दिलं होतं, त्याची आठवण त्यांना करून दिली गेली. महिना २५ रुपये मंजूर झाले. एल्फिन्स्टन कॉलेज, १९१२ ची बी.ए., १९१३ मध्ये बडोद्याच्याच पैशावर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, ही सगळी वाट त्या भेटीतून निघाली.

“आता बोल,” गुरुजी म्हणाले. “बागेत शंभर माणसं फिरत असतील. त्या पोराकडं बघितलं कुणी? मास्तरानं.”

मॅडम इतिहासाच्या. त्यांनी आधी गोष्टीची तारीखच तपासायला घेतली. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली होती. ती पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, पुढं बऱ्याच वर्षांनी उजेडात आली. तीत ते हाच प्रसंग सांगतात, पण तो मॅट्रिकचा म्हणून नाही, इंग्रजी चौथी पास झाल्याचा म्हणून. शिवाय सभेचे अध्यक्ष खुद्द दादा केळुसकर होते असं ते लिहितात. वडील अशा सत्काराच्या विरोधात होते, मुलाच्या डोक्यात वारं जाईल म्हणून, आणि त्यांचं मन वळवलं तेही केळुसकरांनीच.

“म्हणजे चरित्रकार एक सांगतो, चरित्रनायक दुसरं,” मॅडम म्हणाल्या. “साल कुठलंही धरा. बाबासाहेबांना पन्नास वर्षांनंतर काय आठवलं ते बघा. शिकवणी आठवली नाही, पुस्तक आठवलं, आणि बापाशी वाद घालणारा माणूस आठवला.”

“मग हे माझ्याच बाजूचं झालं की!”

“अर्धं तुमच्या बाजूचं. केळुसकर त्यांचे वर्गशिक्षक नव्हतेच, गुरुजी. ते दुसऱ्या शाळेत शिकवत होते. भीमरावांच्या स्वतःच्या शाळांनी काय केलं? साताऱ्याच्या शाळेत पोराला घरून गोणपाट न्यावं लागायचं, बसायला. शिपाई नसला तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एल्फिन्स्टनमध्ये फळ्याजवळ बोलावलं तर फळ्यामागं ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गानं गलका केला. तिथंही वर्गात मास्तर होतेच ना? एका मास्तरानं पुस्तक दिलं म्हणून आपण गुरुपौर्णिमा करायची, आणि ज्यांनी पाणी दिलं नाही ते कुठल्या खात्यात मांडायचे?”

या ठिकाणी लेखकाला मॅडमची बाजू घ्यावीशी वाटते. शिक्षकांच्या गौरवाच्या आपल्या बहुतेक गोष्टींत जमेचीच बाजू असते. शाळा सोडलेल्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही, त्यामुळं शिक्षकानं मोडलेल्या मुलांच्या आठवणी छापूनही येत नाहीत.

पण गुरुजी तेवढ्यानं हटणारे नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजातल्या म्युलर नावाच्या प्राध्यापकांचं नाव त्यांनी काढलं. ते भीमरावांना पुस्तकं द्यायचे, कपडेही दिले. “आणि तुझी ती व्यवस्था, ती बडोद्याची शिष्यवृत्ती. सयाजीरावांनी शब्द दिला होता हे खरं. पण तो शब्द सभेत हवेत विरला असता. केळुसकर गेले नसते तर महाराजांना कुठून कळणार की परळमधल्या चाळीत कोण पोरगं अडलंय?”

“आणि सयाजीराव नसते तर केळुसकर कुणाच्या दारात गेले असते?” मॅडमनी विचारलं. “हे संस्थान उगाच नव्हतं हो. १९०६ मध्ये बडोद्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं. इकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी करायला घेतली. एका मुलाची कणव येऊन कुणी असं करत नाही. त्यामागं खजिना लागतो, कायदा लागतो. केळुसकरांसारखी कळवळ्याची माणसं आपल्याकडं निजामाच्या राज्यातही असतीलच की. पण तिथं जाऊन शब्द टाकावा असं दारच नव्हतं.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जिच्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. रामजी सुभेदारांना मुलाच्या पुस्तकांचा फार सोस. पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याकडे रोकड नसली तर तिचा एखादा दागिना मागून घेत, गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. हेही कीरांनी नोंदवलं आहे.

“भावाच्या पुस्तकासाठी जिचा दागिना गहाण पडला, त्या बहिणीला कुठले केळुसकर भेटले?” मॅडम म्हणाल्या. “ती काही बागेत वाचत बसू शकत नव्हती. जे पोर नजरेला पडतं त्यालाच मास्तर भेटतो, गुरुजी. कोपीवर धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली पोर कुणाच्या नजरेला पडणार?”

गुरुजींनी उत्तर शोधलं ते त्याही काळाच्या पन्नास-साठ वर्षं मागं जाऊन. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली, पुढं अस्पृश्य मुलामुलींसाठीही. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या किशोरवयीन मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये छापून आला. आज महाराष्ट्रातल्या स्त्रीलेखनाचा कुठलाही इतिहास तिच्या नावाशिवाय पुरा होत नाही. “सावित्रीबाईंच्या मागं कुठला खजिना होता? उलट अंगावर शेण पडत होतं. तरी पोरगी बोलती झाली का नाही?”

“झाली. आणि पुढं काय झालं तिचं?”

गुरुजी थांबले. मुक्ता साळवेचं पुढचं आयुष्य इतिहासात सापडत नाही. निबंध उरला आणि मुलगी कागदांतून नाहीशी झाली. तिच्यासाठी पुढचा वर्ग नव्हता, कॉलेज नव्हतं, नोकरी नव्हती. शिकवणाऱ्यानं हातचं राखून काही ठेवलं नव्हतं, तरी एवढंच झालं. लेखकाच्या मते या वादातलं सगळ्यात अवघड उदाहरण हेच आहे, आणि ते दोघांपैकी कुणालाच पुरतं सोयीचं नाही. सावित्रीबाईंशिवाय तो निबंध झाला नसता. पण सावित्रीबाई असूनही मुलीच्या वाट्याला त्यापुढं दुसरी ओळ आली नाही.

असाच पेच परदेशातल्या एका गाजलेल्या गोष्टीतही आहे. आल्बेर काम्यूला १९५७ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यानं अल्जीयर्समधल्या आपल्या प्राथमिक शाळेतल्या लुई जेर्मेन या शिक्षकांना पत्र लिहून कृतज्ञता कळवली. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आई लोकांच्या घरी धुणंभांडी करणारी, आणि आजीचा हट्ट की पोरानं आता कमावावं. जेर्मेन घरी जाऊन आजीशी बोलले, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मुलाला फुकट शिकवलं. गुरुजींना ही गोष्ट इतकी पटली की म्हणाले, “आजीचं मन वळवणं, बघ! इथंही निम्मं काम तेच.” मॅडमना त्याच गोष्टीतली शिष्यवृत्तीची परीक्षा दिसली. ती परीक्षाच नसती तर जेर्मेन आजीला काय सांगणार होते?

मॅडमनी एक आकडाही आणला होता. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थतज्ज्ञांनी सुमारे २५ लाख मुलांची शाळेतली आणि पुढच्या कमाईची माहिती जोडून पाहिली. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सरासरीपेक्षा ठळकपणे सरस शिक्षक एक वर्ष मिळाला तर मुलाची अठ्ठाविसाव्या वर्षीची कमाई सुमारे १.३ टक्क्यानं वाढते.

“एवढीच?” गुरुजींचा चेहरा पडला.

“एवढीच. पण वर्गातल्या प्रत्येकाची. एका मुलाचं आयुष्य उलटंपालटं झालं अशी गोष्ट त्यात नाही. तीस मुलांचं थोडं थोडं बरं झालं, आणि त्यातल्या कुणालाही ते शिक्षकामुळं झालं हे कळलंसुद्धा नाही. चांगला मास्तर म्हणजे मला तरी हा वाटतो. ज्याचं नाव कुणी भाषणात घेत नाही.”

“अन् मी भाषणात नाव घेतो म्हणून मी वाईट?”

“तुम्ही माझं नाव घेता. त्या बाकीच्या एकोणतिसांना तुम्ही शिकवलं, ते कुठं सांगता?”

हा टोला बरोबर बसला, कारण त्यात निंदा नव्हती. गुरुजी आता आपल्याच जिल्ह्यात आले. वडवणीहून तेलगावला जायचं, धारूरचा घाट चढायचा, की पुढं अंबाजोगाई. निजामाच्या काळात तिचं नाव मोमिनाबाद. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते, १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला योगेश्वरी संस्थेच्या शाळेत आले. त्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून त्याच भाषेत चालणारं. मराठीतून शिकवणारी खासगी शाळा चालवणं हीच तिथं निम्मी चळवळ होती. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली आणि ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात गेले. पुढं तुरुंगवास, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त होईपर्यंतचा सगळा लढा.

“स्वामीजींकडून पोरं शिकली ती गणित-भूगोल नव्हे. राज्य असंही असू शकतं, हे शिकली,” गुरुजी म्हणाले.

“पण त्यांनी शाळा सोडली, गुरुजी. ज्या माणसाला शिकवण्यातली ताकद सगळ्यात जास्त कळली होती, त्यालाच एक दिवस कळलं की नुसतं शिकवून भागत नाही. राज्यच बदलावं लागतं. माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे?”

“अन् राज्य बदलल्यावर काय केलं त्यांनी? मंत्री झाले का? नांदेडला कॉलेज काढलं. पीपल्स कॉलेज.”

साल १९५०. हे ऐकून मॅडम जरा पुढं सरकल्या, कारण त्याच साली औरंगाबादेत दुसरं कॉलेज उघडलं होतं, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. मुक्त होऊन दोन वर्षं न झालेल्या मराठवाड्यात कॉलेजं काढणारी ही दोन माणसं. एक स्वतः मास्तर, दुसरा मास्तराच्या शब्दानं वर आलेला. बागेतल्या त्या मुलानं मोठेपणी आपल्यासारख्यांसाठी बागेत वाट बघणारे केळुसकर नेमले नाहीत, वसतिगृहासकट कॉलेज उभारलं. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतली दलित मुलं त्या वसतिगृहात राहून शिकली. मराठवाड्यातल्या दलित साहित्याचा उगम शोधत गेलं तर वाट नागसेनवनात जाते.

“म्हणजे बाबासाहेबांनीच निकाल दिला,” मॅडम म्हणाल्या. “स्वतःला एक गुरुजी भेटला या नशिबावर त्यांनी पुढच्यांना सोडलं नाही.”

“निकाल अर्धाच वाचलास बाळ. त्या कॉलेजचे प्राचार्य कोण होते? म. भि. चिटणीस. ‘युगयात्रा’ नाटक लिहिणारे. बाबासाहेबांनी नुसत्या भिंती बांधल्या असत्या तर नागसेनवन झालं नसतं. माणसं पारखून आणली. नांदेडच्या कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. त्यांच्या नापास होण्याच्या कथा अजून सांगतात, अन् शिकायला मात्र एम.ए.ची पोरं त्यांच्याकडं यायची. कुठल्या नियमात बसतं हे?”

“नियमात बसत नाही म्हणूनच दुसरे कुरुंदकर झाले नाहीत.”

गुरुजींना हे लागलं असावं. ते म्हणाले, “आजचे नियम सांगतो तुला. जनगणना आमच्याकडं, निवडणूक आमच्याकडं, मतदार याद्या आमच्याकडं, सर्वेक्षणं आमच्याकडं. दर आठवड्याला नवं ॲप, नवी माहिती भरा. तू म्हणतेस व्यवस्था पाहिजे. व्यवस्थेनं मास्तराचा कारकून केला. दाराशी जाऊन बसायला त्याला वेळ कुठून मिळायचा?”

यावर मॅडमपाशी उत्तर नव्हतं, निदान चटकन नव्हतं. मग त्यांनी आपल्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे काढला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. लहानपणी शाळेला पायी, धावत जायचा. तो स्टीपलचेसकडे वळला तो लष्करात गेल्यावर, अमरीश कुमार या प्रशिक्षकामुळं. मधल्या काळात त्यानं निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडं सराव केला, परत अमरीश कुमारांकडं आला, पुढं स्कॉट सिमन्स या अमेरिकी प्रशिक्षकाकडं गेला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. “यात गुरू कोण? तिघं-चौघं, आणि सगळ्यांच्या मागं लष्कराचा पगार, खुराक, मैदान. एकाचं नाव घेऊन बघा, बाकीचे खोटे पडतात.”

“नाव घ्यायचंच असेल तर पहिल्याचं घेतात. ज्यानं शर्यत बदलायला लावली त्याचं.” गुरुजींनी तिथंही हार मानली नाही.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींवर मात्र दोघांचं पटकन जमलं, कारण वेगवेगळी असली तरी. माढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेचे हे शिक्षक. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटायचं जाहीर केलं. गुरुजींना त्यात वाडीवरचा मास्तर जगात गाजल्याचा आनंद. मॅडमना आवडलं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं. डिसल्यांनी आपल्या शाळेत वापरलेली ती युक्ती पुढं राज्यातल्या पाठ्यपुस्तकांत आली. ज्या मुलांनी त्यांना पाहिलंही नाही त्यांच्या पुस्तकापर्यंत ती पोचली.

वादाचा उरलेला भाग वडवणीचाच होता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याआधीपासून कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या होत्या, मग भर गावातच मुलांना ठेवण्यावर आला आणि हंगामी वसतिगृहं आली. गावोगाव शाळेच्या समितीनं चालवायची, आईबाप फडावर असेपर्यंत लेकरांना दोन वेळचं जेवण द्यायचं. जे फडावर गेलंच त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं. पुढं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. कागदावर बघितलं तर बापाच्या त्या जुन्या सवालाला, हिला ठेवू कुणापाशी, आता शासनानं उत्तर दिलेलं आहे.

“दिलंय ना?” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या वेळी नव्हतं, आता आहे.”

“आहे. पण दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बापाला हे कोण सांगणार? मुकादम सांगणार? त्याची उचल दसऱ्याच्या आधीच फिरायला लागते. तुझा जीआर मंत्रालयातून निघतो, मुकादम त्याच्या दारातून. आधी कोण पोचतं?”

मॅडमनी हे मान्य केलं. अर्थात, फक्त एवढंच मान्य केलं. मग त्यांनी स्वतःच्याच वर्गातली अडचण सांगितली. अकरावीतली एक मुलगी, हुशार, दसऱ्यापासून वर्गात नाही. आईबाप यंदा लवकर निघाले, पोर अजून गावात काकांकडं आहे, पण लग्नाचं बोलणं चालू असल्याचं कानावर आलंय.

गुरुजी उठलेच. “गाव सांग. आत्ता जाऊ.”

“जाऊ. तुम्ही बोललात तर काका ऐकतील, यंदा. पण पुढच्या वर्षी बारावीत, मग कॉलेजात, तेव्हा दर दसऱ्याला तुम्ही जाणार का? तुमचं वय काय झालं?”

गुरुजी चपलेत पाय घालता घालता थांबले. “मग तू काय म्हणायलीस?”

“बीडला मुलींच्या वसतिगृहात जागा आहे का ते आधी विचारते. जागा मिळाली तर काकांपुढं नुसता तुमचा शब्द ठेवायला नको.”

“विचार,” गुरुजी म्हणाले, “पण फोनवर नको विचारू. फोनवर नाही म्हणतात. अर्ज घेऊन उद्या सकाळच्या गाडीनं बीडला जाऊ, वॉर्डनपुढं बसू. तिथून येताना काकाकडं.”

“दाखले लागतील. ऊसतोड कामगार असल्याचं ग्रामसेवकाचं पत्र लागेल.”

“ग्रामसेवक माझाच विद्यार्थी आहे,” गुरुजी म्हणाले, आणि मॅडम काही बोलायच्या आत त्यांनी फोन लावलासुद्धा.